सिगारेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं

पत्र : मी ४६ वर्षांचा, एस.टी.त चालक आहे. राहणार कऱ्हाड तालुक्यात, घरची थोडी उसाची शेती आहे. विसाव्या वर्षी बिडी धरली, पुढे सिगारेट. दिवसाला दहा-बारा व्हायच्याच. थोरल्या मुलीनं फारच धरून ठेवलं म्हणून सात आठवड्यांपूर्वी पूर्ण सोडली, त्यानंतर एकही ओढलेली नाही. पण पहिल्या पंधरवड्यात तोंड आलं, आणि आता रोज ब्रश केला की थुंकीत रक्त दिसतं. २६ वर्षं ओढली तेव्हा थेंबभर रक्त आलं नव्हतं. डेपोतले सोबती म्हणतात, धुरानं तोंडातले जंतू मरत होते, तो बंद झाला म्हणून ते वाढले. दिवसाला एखादी ओढत जा. सासूबाई म्हणतात, चिमूटभर मिश्री लावा, हिरड्या घट्ट होतील. खरं काय समजायचं? आणि इतक्या वर्षांचे जंतू आता जातील का?

नमस्कार दादा,

सात आठवडे एकही नाही, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलं आहे. मला मात्र तिथे थांबावंसं वाटलं. रात्रीच्या मुक्कामी गाड्या, पहाटेची ड्युटी, प्रत्येक स्टँडवर चहाच्या टपरीला लागून पानपट्टी, आणि त्यातून सात आठवडे! मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

आधी उत्तर देते, कारणं मागून. एकही ओढू नका. मिश्रीला हात लावू नका. येत्या पंधरा दिवसांत दातांच्या डॉक्टरकडे जाऊन हिरड्या नीट तपासून घ्या. तुमच्या तोंडात जे चाललंय ते सिगारेट सोडल्यामुळे झालेलं नुकसान नाही. नुकसान आधीच झालेलं होतं, ते आता दिसायला लागलं आहे.

हिरडीतून रक्त का येतं ते आधी बघू. दात घासल्यावर काही वेळातच त्यावर लाळेचा पातळ थर बसतो आणि त्यावर जंतू येऊन चिकटू लागतात. हा थर रोज निघाला नाही तर हिरडीच्या कडेला साचत जातो आणि शरीर त्याच्याशी लढायला तिथे रक्तपुरवठा वाढवतं. हिरडी लाल होते, सुजते, जरा धक्का लागला की रक्त येतं. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला हे मुद्दाम करून पाहिलं गेलं. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त ही हिरडीची हाक असते : इथे घाण साचली आहे, बघा.

धूर ती हाकच दाबून टाकतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांची प्रतिक्रिया मंदावते आणि दाह वर दिसत नाही. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत. त्यामुळे आत हाड झिजत असतं आणि वरून हिरडी फिकट, जाडसर, घट्ट दिसते. असे कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत. 'मला हिरड्यांचा कधी त्रासच नव्हता' म्हणत येतात ते थेट दात हलायला लागल्यावर. तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण पाच वर्षं आधी थोडं रक्त आलं असतं तर तो माणूस दात असतानाच आला असता.

सिगारेट सोडली की काही आठवड्यांत हिरडीची ही हाक परत येते. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिगारेट सोडलेल्या २७ जणांच्या हिरड्या आधी तपासल्या आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. तपासणीच्या सळईनं स्पर्श केल्यावर रक्त येणाऱ्या जागा आधी १६ टक्के होत्या, त्या ३२ टक्के झाल्या. बरोबर दुप्पट. तेही दातांची स्वच्छता आधीपेक्षा सुधारलेली असताना. तुमचे सात आठवडे या हिशोबात चपखल बसतात.

तोंड येण्याचंही तसंच. सिगारेट सोडणाऱ्या दर पाच जणांपैकी साधारण दोघांना हा त्रास होतो, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत, आणि बऱ्याच जणांचा महिन्याभरात जातो. तुमचं तोंड आलं ते याच काळात आलं. पहिल्याच पंधरवड्यात हे होतं आणि माणसाला वाटतं, सोडणं आपल्याला मानवत नाही. तिथेच पुष्कळजण परत वळतात. तुम्ही वळला नाहीत.

आता तुमच्या सोबत्यांचं म्हणणं : धुरानं जंतू मरतात. यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर ते इतकं पटतं. धुरानं काही जंतू खरंच कमी होतात. पण कोणते, हा खरा प्रश्न आहे.

माणसांच्या तोंडात मिळून सुमारे ७०० जातींचे जंतू सापडले आहेत. सगळे वाईट नसतात. बरेचसे आपल्या बाजूचे असतात, जागा अडवून बसतात आणि त्रासदायकांना शिरकाव करू देत नाहीत. त्यांतले पुष्कळसे हवेत जगणारे, प्राणवायू चालणारे. उलट हिरड्या पोखरणाऱ्या जंतूंना प्राणवायू सोसत नाही. दात आणि हिरडी यांच्या फटीत, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते राहतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला, फ्युसोबॅक्टेरियम अशी त्यांची नावं आहेत. लक्षात ठेवायची गरज नाही, तुमच्या डॉक्टरांच्या तोंडी आली तर ओळखीची वाटावीत म्हणून लिहिली.

तुमची उसाची शेती आहे, म्हणून तुमच्याच रानातलं उदाहरण देते. पाणी देऊन देऊन रान चिबड झालं की काय होतं? मातीतली हवा जाते. ऊस पिवळा पडतो, आणि न लावता लव्हाळा माजतो. लव्हाळा बाहेरून कुणी आणून टाकलेला नसतो, तो बांधाच्या कडेला होताच; रान त्याच्या सोयीचं झालं, एवढंच. सिगारेटच्या धुरानं तोंडाचं असं चिबड रान होतं. प्राणवायू कमी, त्यात विषारी द्रव्यं, त्यात शरीराचे राखणदार ढिले. हवेवर जगणारे भले जंतू मागे हटतात आणि बिनहवेचे माजतात.

हे मोजून पाहिलेलं आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली १,२०४ अमेरिकी माणसांच्या चूळ भरलेल्या पाण्यातले जंतू तपासले. प्रोटिओबॅक्टेरिया नावाचा एक मोठा गट आहे, तोंडातले बरेच भले जंतू त्यात येतात. कधीच न ओढणाऱ्यांच्या तोंडात या गटाचा वाटा ११.७ टक्के निघाला, ओढणाऱ्यांच्या तोंडात ४.६ टक्के. स्ट्रेप्टोकॉकससारखे काही गट मात्र ओढणाऱ्यांत जास्त होते. म्हणजे धुरानं जंतू संपत नाहीत, त्यांची वस्ती बदलते. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की धुराच्या संपर्कात आलेला तो हिरड्या पोखरणारा जिंजिव्हालिस अंगावर चिकटायचे बारीक धागे जास्त काढतो, आणि त्याच वेळी शरीराची दाहाची प्रतिक्रिया कमी होते. शत्रूची पकड घट्ट आणि राखणदार पेंगलेला.

हा प्रश्न तुमच्या सोबत्यांच्याही फार आधीचा आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक, ज्यानं स्वतः घासलेल्या भिंगांतून तोंडातले जंतू जगात पहिल्यांदा पाहिले, त्याने १६८३ सालच्या पत्रात एका म्हाताऱ्याची हकिकत लिहिली आहे. सकाळी ब्रँडी, दुपारनंतर दारू आणि तंबाखू असा त्याचा रोजचा क्रम. इतक्या माऱ्यात ते इवलेसे जीव तगतात का, हे लेव्हेनहूकला पाहायचं होतं. थुंकीत विशेष काही दिसलं नाही. पण दातांच्या फटीतून काढलेल्या मळात ते पुष्कळ होते, आणि तेही सगळ्यांत बारीक अशा दोनच जातींचे. वर निवांत, फटीत गर्दी. साडेतीनशे वर्षं होत आली, पण मला तुमच्या पत्राचं उत्तर त्या फटीतच दिसतं.

आता तुमचा खरा प्रश्न : जातील का?

हो. पण चर खणला की रान दुसऱ्या दिवशी कोरडं होत नाही, तसं हेही आहे. वर सांगितलेल्या न्यूयॉर्कच्या अभ्यासात सिगारेट सोडलेले लोकही होते आणि त्यांच्या तोंडातली वस्ती कधीच न ओढणाऱ्यांसारखी निघाली. मात्र त्यांना सोडून दहा वर्षांहून जास्त झाली होती, म्हणून तो आकडा तुमच्या सात आठवड्यांना लावत नाही. तुमच्या जवळचा अभ्यास दुसरा आहे, २०१० चा. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या आणि अमेरिकेतल्या ओहायोच्या संशोधकांनी मिळून केलेला. हिरड्यांचा आजार असलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या २२ जणांवर त्यांनी उपचार केले. त्यांतल्या ११ जणांनी सिगारेट सोडली, ११ जणांची चालू राहिली. वर्षाच्या शेवटी दोघांच्या हिरड्यांखालची वस्ती वेगवेगळी होती. सोडणाऱ्यांत रोगकारक जंतू मागे हटले होते आणि निरोगी हिरडीशी नांदणारे वाढले होते. उपचार दोघांनाही मिळाले होते. फरक सिगारेटचा होता.

यातला 'उपचार' हा शब्द सोडू नका. सिगारेट सोडणं म्हणजे रानाला पाणी देणं थांबवणं. आधीच साचलेलं काढायला चर खणावाच लागतो. २६ वर्षांचं किटण, म्हणजे साचून कडक झालेला तोच जंतूंचा थर, हिरडीखाली दगडासारखं बसलेलं असेल, त्याच्या खरबरीत पाठीवर जंतूंना हवा तेवढा आसरा. ब्रशनं ते निघत नाही. डॉक्टर ते अवजारानं काढतील. गरज असेल तर मुळांपर्यंत, भूल देऊन, दोन-तीन भेटींत.

यावर आपल्याकडे एक भीती घरोघरी आहे : दात साफ करून घेतले की हलायला लागतात. ही भीती मी टाळत नाही, कारण तिच्यापायी माणसं वर्षानुवर्षं येत नाहीत. काही वेळा साफ केल्यावर दात खरंच थोडे हलके वाटतात. कारण झिजलेल्या हाडाच्या जागी किटणानं दातांना एकमेकांत जखडून ठेवलेलं असतं. किटण निघालं की दाताची खरी अवस्था कळते, आणि तिथून हिरडी पुन्हा दाताला बिलगू लागते. दात हाडावर उभा असतो, किटणावर नाही. काही दिवस थंड पाणी झोंबेल, ते कमी होत जातं.

डॉक्टरकडे गेलात की प्रत्येक दाताभोवतीच्या फटीची खोली मोजायला सांगा. निरोगी फट तीन मिलिमीटरपर्यंत असते, चार किंवा त्याहून जास्त असेल तिथे लक्ष द्यायला हवं. ते आकडे वहीत लिहून घ्या. तीन महिन्यांनी परत मोजा. तुम्ही गाडीच्या डिझेलचा हिशोब ठेवता, तसाच हा ठेवायचा. रक्त कमी झालं की नाही यापेक्षा हे आकडे जास्त खरं सांगतील.

घरी करायचं ते साधंच. मऊ केसांचा ब्रश, दिवसातून दोनदा, आणि त्यातली रात्रीची वेळ चुकवू नका. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून हलक्या हातानं फिरवा. रक्त येतं म्हणून तिथे घासायचं टाळू नका. बहुतेकजण नेमकं तेच करतात आणि तिथली सूज वाढते. दातांमध्ये फटी असतील तर बारीक फटींचा ब्रश मिळतो, तो वापरा. तुमचे मुक्काम बाहेर होतात, म्हणून एक ब्रश मुक्कामाच्या पिशवीत कायमचा ठेवा. जीभही मागेपर्यंत घासा. तोंडाचा वास बहुतेक वेळा तिथल्या बिनहवेच्या जंतूंचाच असतो. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्यात तर बरं वाटेल, पण त्यानं किटण जात नाही.

क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी डॉक्टरांनी दिलं तर सांगितलेल्या दिवसांपुरतंच वापरा. दुकानातून आणून महिनोन् महिने नको. दातांवर डाग पडतातच, शिवाय ते भल्या-बुऱ्या जंतूंत फरक करत नाही. नायसेरियासारखे जंतू, जे धुरानं कमी होतात, ते एक मोठं काम करतात : मेथी, पालक, बीट यांतलं नायट्रेट तोंडातच बदलून देतात, आणि त्यापासून पुढे शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारं द्रव्य तयार होतं. रक्तदाब ताब्यात राहायला त्याचा उपयोग होतो. दिवसभर स्टिअरिंगवर बसणाऱ्याला हे जंतू हवेतच. आता ते परत येत असतील, तर त्यांना येऊ द्या.

सोडल्यावर तोंडात सारखं काहीतरी हवंसं वाटतं. त्यासाठी बडीशेप, लवंग, वेलदोडा चालेल. पेपरमिंटच्या गोळ्या आणि प्रत्येक स्टँडवरचा गोड चहा यांनी दात किडवणाऱ्या जंतूंचं फावतं, म्हणून त्यांना आवर घाला. सुपारी अजिबात नको, साधीसुद्धा. सुपारीनं कर्करोग होतो हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे, आणि तोंड उघडणं कमी कमी होत जाण्याचा आजारही तिच्यामुळेच होतो.

आणि मिश्री. सासूबाईंनी मायेनं सांगितलं, त्यांच्या पिढीत हिरडी दुखली की हेच औषध होतं. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, दुसरं काही नाही. ती लावल्यावर हिरड्या घट्ट वाटतात, रक्त थांबतं, झोंबणं कमी होतं. कारण तंबाखू तिथेही तेच करतो, हाक दाबतो. तुम्ही दारातून घालवलेला तंबाखू खिडकीतून आत येईल, आणि निकोटिनची ओढ पुन्हा जागी होईल ती वेगळीच. दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? तुरटीचंही तेच. तिनं हिरडी आवळून रक्त तेवढ्यापुरतं थांबतं आणि आतलं किटण जिथल्या तिथे राहतं.

काही गोष्टींसाठी पंधरा दिवसही थांबू नका. तोंडातला एखादा फोड तीन आठवड्यांत भरला नसेल, गालाच्या आत किंवा जिभेखाली पांढरा वा लाल चट्टा असेल, गिळताना टोचत असेल, गळ्याशी गाठ लागत असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर लगेच जा. २६ वर्षं तंबाखू झाल्यावर हे बघून घेणं गरजेचं आहे. आणि एकदा उपाशीपोटी रक्तातली साखर तपासा. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्या बिघडलेल्या असतील तर साखर आटोक्यात आणणं अवघड जातं. दोन्ही एकमेकांना ओढतात.

'दिवसाला एखादी' या सल्ल्याबद्दल एवढंच सांगते. तुमचे सोबती वाईट हेतूनं बोलत नाहीत, पण ती एक सिगारेट रक्त थांबवण्यापुरती राहणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फार ओढ लागली तर १८०० ११ २३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तिथे समुपदेशक बोलतात. निकोटिनचा च्युइंगगम लागलाच, तर डॉक्टरांना विचारून, ठरलेल्या दिवसांसाठी घ्या.

दात टिकण्याचं म्हणाल तर अमेरिकेत मोठ्या पाहणीतून दिसलं आहे की ओढणाऱ्यांना हिरड्यांच्या आजाराचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे ४ पट असतो, सोडल्यावर तो वर्षागणिक उतरतो, आणि ११ वर्षांनी जवळपास त्यांच्याइतकाच होतो. तेव्हा तुम्ही ५७ वर्षांचे असाल, म्हणजे निवृत्तीच्या सुमाराला. किटण काढून घेतलंत आणि ब्रश नीट चालू ठेवलात, तर रक्त येणं मात्र काही आठवड्यांतच कमी व्हायला हवं. नाही झालं तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात जाल तेव्हा सासूबाईंनाही सोबत न्या. मिश्रीचा सल्ला त्यांनी दिला त्या अर्थी त्या स्वतः लावत असणार, आणि त्यांच्या हिरड्यांतूनही कधी रक्त आलेलं नसणार.